मी, तो आणि ते वाकडे

‘वादो, वाइ, वा’ एवढं बाबांनी बिनचूक म्हटलं आणि ‘आम्ही’पाशी आल्यावर ते ‘वादियामो’ म्हणाले, तेव्हा त्यानं त्यांच्या तोंडात मारली. मारायचं असं काही मनात नव्हतं. मांडीवर पडलेला हात उठला, खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यातून आडवा गेला आणि बाबांच्या धड बाजूच्या गालावर फाडकन बसला. दाढीचे खुंट, त्याखालचं सैल, कोमट कातडं, त्याच्याही खाली जबड्याचं हाड, हे सगळं तळव्याला एकदम आणि तरी वेगवेगळं कळलं. मान झटक्यानं खांद्याकडे गेली. लकव्यानं वाकडं झालेलं तोंड त्या झटक्यात क्षणभर सरळ दिसलं. त्याला वाटलं, आता बाबा रडतील. आजारपणापासून ते कशानंही रडत, चहा सांडला तरी रडत. पण बाबांनी मान परत जागेवर आणली, ओठाच्या कोपऱ्यातली लाळ जिभेनं आत घेतली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “आन्दियामो.” मग न थांबता, “आन्दाते. वान्नो.” आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात. जाणं या इटालियन क्रियापदाचा अख्खा वर्तमानकाळ पुरा झाला, तोही पूर्वीच्या, आजारपणाआधीच्या आवाजात. तो आपल्या तळहाताकडे बघत बसला. तळहात चुरचुरत होता, आणि पोटातून काहीतरी वर सरकत होतं. ती लाज असती तर बरं झालं असतं. ते भुकेसारखं होतं.

बाबांना झटका आला तो थंडीच्या सुरुवातीला, आंघोळ करताना. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अंग पुढे थोडंफार परत आलं, वाचा आली नाही. भांड्याला ते ‘खिडकी’ म्हणत, सुनेला ‘मशीन’ म्हणून हाक मारत, आणि आपण भलतंच बोललो हे कळलं की डाव्या हातानं स्वतःच्याच मांडीवर बुक्क्या घालत. हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या बाईंना चष्मा कपाळावर चढवून बोलायची सवय होती. त्यांनी समजावून सांगितलं, “बोलणं गेलंय, पण पाठ केलेलं वेगळ्या कप्प्यात असतं. पाढे, वार, महिने, शिव्यासुद्धा. त्या दारानं आत शिरून बघा.” पाढे निघेनात. वार मंगळवारच्या पुढे सरकेनात. शिव्या मात्र येत होत्या, पण त्यांच्यावर थेरपी कशी उभी करायची? मग एका दुपारी वर्गाची तयारी करताना तो स्वतःशीच पुटपुटला, “इओ सोनो,” मी आहे, आणि पलंगावरून आवाज आला, “तू सेइ. लुइ ए. नोइ सियामो.” बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीतून अचानक कुणी कडी वाजवावी तसा. तो जवळ गेला तेव्हा बाबांचे डोळे चमकत होते. आयुष्यभर बोललेल्या भाषेत ज्या माणसाला घोटभर पाणी मागता येत नव्हतं, त्याच्या डोक्यात इटालियन क्रियापदं जशीच्या तशी शाबूत होती, काही कडेला झडलेली, पण ओळीनं उभी. ऐकून बाईंनी टाळीच वाजवली. “हेच धरा. रोज चालवून घ्या. तुम्ही स्वतः इटालियनचे शिक्षक, म्हणजे दुधात साखर.” चालवून घेणं हा शब्द बाईंनी सहज वापरला. तो ऐकून त्याच्या मानेवर काटा आला होता, आणि का आला ते त्यानं त्या वेळी मनाला विचारलं नव्हतं.

बाबा दुभाषी होते. संगमरवर कापायची यंत्रं इटलीहून मागवणाऱ्या एका कंपनीत. यंत्रं बसवायला तिकडचे मिस्त्री येत. त्यांचं बोलणं साहेबांना सांगायचं आणि साहेबांच्या शिव्या धुऊन-पुसून मिस्त्र्यांपर्यंत पोचवायच्या, हे काम. भाषा त्यांनी एका जाडजूड व्याकरणावरून, कुणाच्या मदतीशिवाय, दातओठ खाऊन शिकलेली होती आणि ज्या पद्धतीनं ती स्वतःच्या अंगात घुसवली त्याच पद्धतीनं ती मुलांच्या अंगात घुसवायची असा त्यांचा हिशेब होता. आई लवकर गेली होती, त्यामुळे मध्ये पडणारं कुणी नव्हतं. नियमानं चालणाऱ्या क्रियापदांची बाबांना किंमत नव्हती. “ती काय, गाढवसुद्धा म्हणेल,” ते म्हणायचे. “माणसाची परीक्षा वाकड्या क्रियापदांत.” कामावरून आले की बूट न काढता जेवायच्या टेबलाशी बसत. समोर दोघं भाऊ, मध्ये काळा गोल रूळ. इटालियनमध्ये भूतकाळाचा एक प्रकार आहे, पार संपून गेलेल्या, पुन्हा न येणाऱ्या गोष्टींचा. त्यात मी, तो आणि ते यांची रूपं वाकडी असतात. तू, आम्ही आणि तुम्ही यांची सरळ. ‘मोडणं’ घेतलं तर रुप्पि, रोम्पेस्ति, रुप्पे, रोम्पेम्मो, रोम्पेस्ते, रुप्पेरो. बाबा रूळ टेबलावर आपटून ताल धरत. वाकड्या रूपाला जोराचा ठोका, सरळ रूपाला नुसता स्पर्श. मी, ठक्. तू. तो, ठक्. आम्ही, तुम्ही. ते, ठक्. चुकलं की पुढचा ठोका टेबलावर पडत नसे, बोटांच्या पेरांवर पडे. चाळिशी उलटली तरी अजून ‘मी मोडलं’ म्हणताना त्याच्या करंगळीत कळ येते. तर्जनी ‘करणं’ची, अंगठ्याखालचा उंचवटा ‘म्हणणं’चा. शरीरभर व्याकरण. वर्गातल्या मुली म्हणतात, सर, तुम्ही आठवतसुद्धा नाही, तुमच्या जिभेवरच असतं सगळं. तो हसतो. जिभेवर नाही ते.

दादाच्या मात्र काही अंगी लागायचं नाही. तो मोठा, दांडगा, हातानं काहीही दुरुस्त करणारा, पण टेबलाशी बसला की त्याची मान आत जायची आणि तो रुळाकडेच बघत राहायचा. त्या दिवशी ‘पिणं’ चाललं होतं. बाबांच्या पुस्तकात ‘मी प्यालो’चं रूप होतं ‘बेव्वि’. दादा म्हणाला, ‘बेवेत्ति’. रूळ त्या दिवशी कुठे राहिला होता कोण जाणे. बाबांनी हातच टाकला, कानावर. कोरडा आवाज नव्हता तो. ओल्या कापडाची पिशवी फुटावी तसा होता. दादा खुर्चीसकट हलला, मग स्थिर झाला आणि अगदी अदबीनं म्हणाला, “काय म्हणालात, बाबा?” त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं. बाबांना वाटलं, पोरगा उर्मट झालाय. त्यांनी त्याच कानावर दुसरी दिली. मग कानातून एक बारीक लाल धागा निघाला आणि मानेवरून शर्टाच्या कॉलरमध्ये उतरला. तो, धाकटा, समोर बसून त्या धाग्याकडे बघत होता. आणि डोक्यात काय चाललं होतं? डोक्यात चाललं होतं, बेव्वि, बेवेस्ति, बेव्वे. आपली पाळी आली तर चुकायला नको.

पुढे कॉलेजात, इटालियनच्या वरच्या परीक्षेचा अभ्यास करताना, ग्रंथालयाच्या जाड व्याकरणात त्यानं ‘पिणं’चं पान उघडलं. तिथे दोन रूपं शेजारी शेजारी छापलेली होती. बेव्वि किंवा बेवेत्ति. दोन्ही शुद्ध. दोन्ही चालतात. त्यानं पुस्तक मिटलं, बाहेर जाऊन बेसिनमध्ये ओकला, तोंड धुतलं आणि परत येऊन पुढचं पान वाचायला घेतलं. दादाला त्यानं हे कधी सांगितलं नाही. तोवर दादानं टायरचं दुकान टाकलं होतं, डाव्या बाजूनं कुणी बोललं की सगळं अंग वळवून बघायची त्याला सवय लागली होती, आणि गिऱ्हाईकं त्याला माघारी ‘अर्धा लाउडस्पीकर’ म्हणत, कारण तो स्वतः मोठ्यानं बोलायचा आणि दुसऱ्याचं त्याला अर्धंच ऐकू यायचं.

पहिल्या थपडेच्या संध्याकाळी त्यानं वर्ग नेहमीपेक्षा चांगला घेतला. त्याच्या वर्गात नर्सेस असतात, तिकडे जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याची नोकरी मिळवू पाहणाऱ्या. संस्थेत त्याची ख्याती अशी, की सर कधी आवाज चढवत नाहीत. हे खरं होतं. कुणी चुकलं की तो खिशात हात घालायचा. खिशात खडूचे तुकडे असायचे. ते चुरडले जायचे, त्याची पॅंट आतून पांढरी व्हायची, आणि डोळ्यांसमोर त्या चुकणाऱ्या पोरीचं कपाळ बाकाच्या कडेवर आपटलेलं त्याला दिसायचं. आपटलं, पुन्हा आपटलं. आणि तोंडानं तो म्हणायचा, “छान. पण परत एकदा बघ बरं.” इतकी वर्षं त्याची समजूत होती, की ते मारणं त्याच्यापाशी येऊन थांबलं. बापाचं नाक आलं, बापाची भाषा आली, तेवढं एक मात्र उतरलं नाही. त्या संध्याकाळी तो फळ्यावर विध्यर्थ लिहीत होता. एक प्रश्न विचारल्याशिवाय न राहणारी मुलगी होती, सगळ्या तिला ‘वकील’ म्हणत. तिनं हात वर केला.

“सर, हा विध्यर्थ कशाला लागतो त्यांना? सरळ बोलता येत नाही?”

“सरळ बोलायला स्वार्थ आहेच. आपल्याकडेही त्याला स्वार्थच म्हणतात. घडलं ते घडलं म्हणून सांगायचं.”

“मग विध्यर्थ?”

“जे घडलेलं नाही पण मनात आहे, त्याच्यासाठी. भीती, इच्छा, शंका.”

“मनातलं मनातच ठेवावं ना, सर. त्याला रूपं कशाला चालवायची?”

वर्ग खो खो हसला. तोही हसला. हात खिशात नव्हता हे त्याच्या हसता हसता लक्षात आलं. खडू अख्खे होते. कितीतरी वर्षांनी अंग हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं, आणि तो उतार कुठून आला हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, नाही. हात मांडीखाली दाबून बसला. बाबा ‘धरणं’चा भविष्यकाळ चालवत होते आणि ‘तेर्रो’च्या जागी ‘तेनेरो’ म्हणाले. तो म्हणाला, “पुन्हा.” बाबा म्हणाले, “तेनेरो.” “पुन्हा, बाबा.” “तेनेरो.” मग हात मांडीखालून सुटला. “तेर्रो,” बाबा म्हणाले. दर दिवशी असंच. विचारायचं, वाट बघायची, मारायचं, मिळायचं. एखाद्या जुन्या पंख्याला थापटी मारल्यावर तो फिरू लागावा तसं. आणि उपयोग होत होता, हीच तर गंमत! एका सकाळी बाबा सुनेकडे बघून चक्क “पाणी” म्हणाले. ती पेला हातात धरून उभीच राहिली. पुढच्या आठवड्यात “दार” आलं, “नको” आलं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “काय करता तरी काय तुम्ही? मला सांगा, बाकीच्या पेशंटच्या नातेवाइकांना सांगते.” तो म्हणाला, “सातत्य.” जिन्यात आल्यावर त्याला हसू फुटलं, इतकं, की कठडा धरावा लागला. खालून वर येणारं एक जोडपं त्याच्याकडे बघून बाजूला झालं.

पुढे पुढे त्याला एक शंका यायला लागली. बाबा चुकत होते की चुकवत होते? ‘असणं’, ‘करणं’, अगदी पहिल्या दिवशी धडाधडा म्हटलेल्या क्रियापदांवर ते अडखळायला लागले. चुकायच्या आधी ते पापण्या मिटून घेत आणि धड गाल किंचित पुढे करत. त्यांनी शब्द उच्चारायच्या आधीच त्याला कळे की आता चुकीचा येणार. मग तो मुद्दाम थांबे. थांबला की बाबा डोळे उघडून बघत, आणि त्या बघण्यात विनवणी होती का तुच्छता, हे त्याला काही केल्या ठरवता येत नसे. लहानपणी रूळ पडायच्या आधी आपण असेच बघत असू काय? जाण्याचा विध्यर्थ चालला होता तेव्हाची गोष्ट. के इओ वादा, के तू वादा, के लुइ वादा. मी जावं, तू जावंस, त्यानं जावं. विध्यर्थात तिघांचं रूप एकच. पुढचं सर्वनाम गाळलं तर जाणारा कोण ते कळायला मार्ग नाही. बाबा सर्वनाम गाळत होते. “वादा, वादा, वादा,” ते म्हणत राहिले, डोळे मिटून, एका लयीत, आणि त्याला ते ऐकता ऐकता दिसेनासं झालं, की खुर्चीवर कोण बसलंय आणि पलंगावर कोण. हात कुणाचा, गाल कुणाचा. त्यानं त्यांची मान धरली. थप्पड नव्हती ती. मूठ होती, आणि एकदा नाही. खालचा ओठ दातांवर चिरला, हनुवटीवरून रक्त गळून चादरीवर पडलं, आणि बाबांनी आवाज केला नाही. जेव्हा तो थांबला तेव्हा त्याला इतकी गाढ झोप आली होती, की तो तिथेच खुर्चीत मान टाकून झोपला. जाग आली तेव्हा बाबा त्याच्याकडे बघत होते आणि त्यांच्या हनुवटीवरचं रक्त वाळून तपकिरी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी सकाळी दादा बाबांची दाढी करायला यायचा. मधले काही रविवार दुकानाच्या कामात चुकले होते. त्यानं बाबांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, ब्रश ओला केला आणि हात वरच थांबला.

“ओठाला काय झालं?”

“पडले काल. बाथरूममध्ये.”

“आणि हे?” दादानं बाबांचा जबडा उजेडाकडे वळवला. गालावर जुने, पिवळट हिरवे वळ होते. दादानं ब्रश वाटीत ठेवला, आपली बोटं पसरली आणि ती एकेक करून त्या वळांवर टेकवली. टायर लावून लावून जाड झालेली, काळ्या नखांची बोटं. चारही बसली. बाबांनी सवयीनं डोळे मिटले आणि गाल पुढे केला.

दादा वळला. पहिला ठोसा आला तो त्याला दिसलासुद्धा नाही. पाठ कपाटावर आदळली, कपाटाचा आरसा तडकला, आणि तोंडात गरम, खारट काहीतरी भरलं. दादानं त्याला कॉलरला धरून उभं केलं आणि पुन्हा मारलं, बरगडीत, पोटात, चाकावर हातोडा घालावा तसं, जागा बघून. तोही हात चालवू लागला. नख लागलं, केस हातात आले, दादाच्या मनगटाला तो चावला. टक्कल पडू लागलेले दोन बाप्ये जमिनीवर पडून एकमेकांचे गळे धरत होते, खुर्ची उलटली, साबणाची वाटी घरंगळत पलंगाखाली गेली. आणि पलंगावरून आवाज यायला लागला. “रुप्पि!” बाबा डाव्या हाताची मूठ पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटत होते. “रुप्पि, ठण्. रोम्पेस्ति. रुप्पे, ठण्.” अर्धा चेहरा साबणानं पांढरा, टॉवेल छातीवर, डोळे लख्ख. मी मोडलं, तू मोडलंस, त्यानं मोडलं. एक चूक नाही. “रोम्पेम्मो. रोम्पेस्ते. रुप्पेरो!” ठण्. आणि पुन्हा पहिल्यापासून, अधिक मोठ्यानं, एखादा माणूस आनंदानं ओरडतो तसं.

त्या आवाजानं दोघंही थांबले. दादा त्याच्या छातीवर बसला होता. दोघांचा श्वास शिट्ट्या वाजल्यासारखा येत होता. खाली पडल्या पडल्या, तोंडातलं रक्त गिळून तो म्हणाला, “दादा, तुझं बरोबर होतं.”

“काय?” दादानं उजवा कान खाली आणला.

“बेवेत्ति. ते बरोबर होतं. दोन्ही चालतं, बेव्वि आणि बेवेत्ति. पुस्तकात आहे.”

दादाला समजायला वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. “तुला कधीपासून ठाऊक?”

“कॉलेजपासून.”

“आणि आज सांगतोस.” दादा त्याच्या अंगावरून उठला, उलटलेली खुर्ची सरळ करून तिच्यावर बसला. चावलेल्या मनगटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “चुकलं असतं तर कान फोडायला हरकत नव्हती, असं म्हणायचंय का तुला?”

इतकी वर्षं तो ‘तुझं बरोबर होतं’ हे वाक्य दादासाठी जपून ठेवत होता, औषधासारखं. ते हे असलं निघालं. दोन शुद्ध रूपांच्या मागे उभं राहून तोही बाबांसारखाच फक्त बरोबर आणि चूक बघत होता, कानाकडे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. दादानं वाटी पलंगाखालून काढली, पाणी बदललं, आणि बाबांची उरलेली दाढी पुरी केली. कुठे कापू दिलं नाही.

सोमवारी ते तिघंही बाईंच्या खोलीत होते. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. बाईंनी काही विचारायच्या आत तो म्हणाला, “मी मारत होतो त्यांना. रोज. चुकले की.” बाईंनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा पडला, आणि आपण त्याच्या कामाचं कौतुक करत होतो हे आठवून तो आणखी पडला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “हे मला वर कळवावं लागेल. आणि ते तुमच्या घरी राहू शकत नाहीत.”

“मी नेतो,” दादा म्हणाला. “दुकानाच्या मागेच घर आहे. बायको आहे, पोरं आहेत. एकटे पडणार नाहीत.”

“पेशंटलाही विचारायला हवं. समजतं त्यांना सगळं.” बाईंनी दोघा भावांना बाबांच्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभं केलं आणि खाली वाकून, सावकाश विचारलं, “बाबा, कुणाकडे राहायचंय? हाताने दाखवा.”

बाबांचा डावा हात उठला आणि धाकट्याकडे आला. बाईंना वाटलं, डावा हात डावीकडेच जाणार. त्यांनी दोघांना जागा बदलायला लावल्या. हात छातीवरून आडवा गेला, जड वस्तू उचलावी तसा, आणि पुन्हा त्याच्याकडेच आला. दादा खिडकीबाहेर बघू लागला. त्या बोटाकडे बघताना धाकट्याच्या पोटात पुन्हा तेच, भुकेसारखं, हललं. बापानं त्याला निवडलं होतं. टेबलाशी घालवलेल्या त्या साऱ्या वर्षांत बापानं कधी ‘शाब्बास’ म्हटलं नव्हतं, ते आज म्हटलं होतं. नुसतं ‘बरं’ म्हटलं की झालं. घरी नेता येईल, दार लावता येईल. बाई नाही म्हणतील, पण बाप म्हणतोय म्हटल्यावर कोण किती दिवस अडवणार? त्यानं कोरड्या पडलेल्या ओठांवरून जीभ फिरवली, खपली चाटली.

“नाही, बाबा,” तो म्हणाला. “मी नेणार नाही.”

हॉस्पिटलच्या फाटकापाशी दादानं गाडी आणली. बाबांना आत बसवायला दोघं लागले. पट्टा लावायला तो वाकला तेव्हा बाबांनी डाव्या मुठीनं त्याच्या कानशिलावर मारलं. धड हात अजून जबर होता. दुसरा ठोसा सुजलेल्या डोळ्यावर बसला आणि समोर पिवळं झालं. मग त्यांनी त्याच्या शर्टाचा गळा धरला आणि तोंड त्याच्या तोंडाजवळ ओढून ते ओरडू लागले. पाणी, दार, नको, खिडकी, मशीन, हाताला लागेल तो शब्द ते फेकून मारत होते. रस्त्यावरची माणसं थांबली. त्यानं त्यांचं मनगट पकडलं. त्याला जाणवलं, की ते पिळलं तर आत्ता मोडेल. हाडाची जाडी, शिरेची उडी, कुठे दाबायचं ते, सगळं बोटांना कळत होतं. त्यानं पिळलं नाही. एकेक बोट धरून मूठ सोडवली, आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. प्रत्येक बोट सुटल्यावर परत मिटत होतं आणि तो ते परत सोडवत होता. शर्टाचं बटण तुटून गटारात गेलं. शेवटी त्यानं दार लावलं. काचेमागे बाबांचं तोंड हलत राहिलं.

“काही दिवस येऊ नकोस,” दादा म्हणाला.

“बरं.”

“काही दिवस म्हणजे मी सांगेपर्यंत.”

“हो.”

तो घरी आला तेव्हा बायकोनं बाबांची खोली धुऊन काढली होती. गादी गॅलरीत उन्हात टाकली होती, तडकलेला आरसा कागदात गुंडाळून दाराशी ठेवला होता. तिनं त्याच्या डोळ्याकडे पाहिलं आणि चहा केला. दोघं स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी समोरासमोर बसले.

“मला ऐकू यायचं,” ती म्हणाली.

त्यानं मान वर केली.

“रोज ऐकू यायचं. तुमचं विचारणं, त्यांचं म्हणणं, आणि मग ते.”

“मग बोलली का नाहीस?”

“पहिल्या दिवशी आले होते दारापर्यंत. फटीतून तुमचं तोंड दिसलं.” तिनं कप बशीत फिरवला. “दार उघडलं असतं तर तो हात कुठे वळला असता, ते मला कळेना.”

त्याला म्हणायचं होतं, तुझ्यावर मी कधीच उचलला नसता. वाक्य तयार होतं, शुद्ध होतं, जिभेच्या टोकावर होतं. पण त्यानं ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि ते त्याला स्वतःलाच खरं वाटेना. ती तिच्या कपात बघत होती. चहा अगोड झाला होता; आज ती साखर घालायला विसरली होती. साखरेचा डबा तिच्या कोपराजवळ होता. त्यानं हात पुढे केला आणि तिचं अंग खुर्चीत मागे सरलं, थोडंसंच, मानेपासून. त्यानं हात जिथल्या तिथे टेबलावर ठेवला, पालथा. दोघांनीही त्या हाताकडे पाहिलं. मग तिनं एका बोटानं डबा त्याच्याकडे ढकलला आणि बोट मागे घेतलं.